घटक ४ : नगरपरिचय-लेखन : पुण्याच्या जुन्या पेठांतील स्थळदर्शन आणि मुक्काम

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• प्रवासवर्णन आणि नगरपरिचय यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• जुन्या शहराच्या मध्यभागातील स्थळांची निवड व मांडणी कोणत्या विचाराने करावी, हे सांगता येईल.
• इतिहास, परंपरा आणि दंतकथा यांचे परिचयलेखनातील स्थान ओळखता येईल.
• मुक्कामाच्या सोयींविषयी नेमके व प्रामाणिक लेखन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा परिचय करून घेतला. प्रवासवर्णनात लेखकाचे व्यक्तिमत्त्व केंद्रस्थानी असते. तो काय पाहतो यापेक्षा कसे पाहतो, यात वाचकाला रस असतो. नगरपरिचयाचे तसे नाही. तेथे केंद्रस्थानी असतो तो वाचक. आणि हा वाचक घरी आरामखुर्चीत बसलेला नसून उद्या सकाळी हातात पिशवी घेऊन त्या गावात उतरणार असतो. प्रवासवर्णनकाराने एखादा वाडा डावीकडचा उजवीकडे लिहिला तर फारसे बिघडत नाही. नगरपरिचयकाराने तसे केले तर एखाद्या वृद्ध जोडप्याला भर उन्हात दोन गल्ल्या जास्त चालाव्या लागतात. या लेखनाची जबाबदारी इतकी साधी आणि इतकी ठोस आहे.

मराठीत नगरवर्णनाची परंपरा अव्वल इंग्रजी काळापासूनची आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, तर ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपले शहर हा लेखनाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव मराठी गद्याला इतक्या लवकर झाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आज हे लेखन पर्यटनपुस्तिका, वृत्तपत्रीय पुरवण्या, माहितीफलक आणि मार्गदर्शकाचे निवेदन अशा रूपांत चालू आहे. व्यवसाय म्हणूनही त्याला मागणी आहे. मात्र ते बहुधा घाईने आणि ठरावीक विशेषणांच्या आधाराने केले जाते, असे खेदाने म्हणावे लागते.

या घटकात आपण पुण्याचा जुना मध्यभाग, म्हणजे सामान्यतः ज्याला ‘पेठभाग’ म्हटले जाते तो प्रदेश, उदाहरण म्हणून घेणार आहोत. नमुना पुण्याचा असला, तरी त्यातील प्रश्न वाई, पैठण, नाशिक, कोल्हापूर अथवा आपल्या स्वतःच्या गावालाही लागू पडतील.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पेठांची नावे आणि शहराचा नकाशा

परक्या वाचकाला पुण्याच्या पेठा प्रथम गोंधळात टाकतात. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा आहेत. त्यांच्या जोडीला कसबा, सदाशिव, नारायण, नाना, रास्ता, भवानी, गणेश, गंज, घोरपडे, नवी अशा आणखी पेठा आहेत. त्या वारांच्या क्रमाने वसलेल्या नाहीत. म्हणून मंगळवारातून निघालेला मनुष्य सरळ चालत बुधवारात पोहोचेल, अशी समजूत करून घेऊ नये.

यांत कसबा सर्वांत जुना. इतर पेठांची नावे कालौघात बदलत गेली. आजच्या रविवार पेठेला पूर्वी मलकापूर, तर शुक्रवार पेठेला विसापूर म्हणत. गुरुवार पेठ ही वेताळाच्या देवळामुळे वेताळ पेठ होती. बुधवार पेठेला औरंगजेबाच्या काळात मुहियाबाद असे नाव मिळाले होते. सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या, तर नाना पेठ नाना फडणविसांच्या नावाने ओळखली जाते. नावांची ही मालिका वाचकापुढे ठेवली की सुलतानी, मोगल आणि पेशवाई असे शहराचे थर वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. नगरपरिचयात स्थलनाम हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके साधन असते. पेठांच्या आत आळ्या आहेत आणि त्या व्यवसायांवरून ओळखल्या जातात. कसब्यातील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणाऱ्या हातोड्यांचा आवाज अजूनही ऐकू येतो. हा आवाज कोणत्याही माहितीफलकावर नसतो. तो लेखकाने स्वतः जाऊन ऐकावा लागतो.

४.३.२ स्थळांची निवड आणि क्रम

स्थळांची यादी म्हणजे परिचय नव्हे. ‘पुण्यातील पाहण्यासारखी २५ ठिकाणे’ असे शीर्षक देऊन अकारविल्हे नावे मांडली, तर वाचकाला एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी कसे जावे याचा बोध होत नाही. पेठभागाचे वैशिष्ट्य असे की, तो पायी पाहण्याजोगा आहे. शनिवारवाड्यापासून महात्मा फुले मंडईपर्यंतचे अंतर सुमारे एक-सव्वा किलोमीटर आहे. आणि त्या अंतरात तीन शतके सामावलेली आहेत. तेव्हा मांडणीचे सूत्र चालण्याचा क्रम हेच असावे. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोची कसबा पेठ व मंडई ही स्थानके सुरू झाली आहेत. त्यामुळे या फेरीला सुरुवात आणि शेवट अशी दोन सोयीची टोकेही मिळाली आहेत.

फेरीचा आरंभ शनिवारवाड्यापासून करावा. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये या वाड्याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. पुढील पेशव्यांनी त्यात भर घातली. परंतु १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. आज तेथे उभा आहे तो तट, त्याचे नऊ बुरूज, पाच दरवाजे आणि वरचा नगारखाना. आत उरली आहेत जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. ‘भव्य राजवाडा’ असे वाचून आलेला प्रवासी दिल्ली दरवाजातून आत शिरतो आणि ‘वाडा कुठे आहे?’ असे विचारतो. हा प्रश्न त्याच्या अज्ञानातून आलेला नसतो. लेखकाने त्याला आधी सांगितले नाही, म्हणून तो पडतो. ‘येथे महाल नाही, महालाची जोती आहेत, जोत्यांवरून दालने मनाशी उभी करावी लागतील’ एवढे एक वाक्य असते, तर तोच प्रवासी निराश न होता कुतूहलाने हिंडला असता.

लाल महालाविषयी हीच दक्षता घ्यावी. शहाजीराजांनी बांधविलेला आणि १६६३ मध्ये शायिस्तेखानावरील छाप्यामुळे इतिहासात अजरामर झालेला मूळ लाल महाल शिल्लक नाही. आज दिसते ती वास्तू पुणे महानगरपालिकेने उभारली असून ती १९८८ मध्ये पूर्ण झाली. ही गोष्ट सांगितल्याने स्थळाचे महत्त्व कमी होत नाही. लपविली तर मात्र लेखकाची विश्वसनीयता कमी होते.

येथून जवळच कसबा गणपती हे ग्रामदैवताचे देऊळ आहे. नाना फडणविसांचा नानावाडाही शनिवारवाड्याच्या शेजारीच आहे. पुढे बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा पेशवाईतील काष्ठशिल्पाचा शहरातील उत्तम नमुना होय. रस्त्याच्या पलीकडील बाजूस उभे राहून त्याचा दर्शनी भाग पाहावा : सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे सागवानी खांब, केळफुलाची नक्षी आणि पुढे आलेला सज्जा. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली; तिचाच पुढे डेक्कन कॉलेजात विकास झाला. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. ज्या वाड्यात पेशवा राहिला, त्यातच कंपनी सरकारने विद्यार्थी बसविले. एका वास्तूच्या चरित्रातून सत्तांतर कसे सांगता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तुळशीबाग हे स्थळ लिहिताना बहुतेक परिचयकार बाजारपेठेवरच थांबतात. बांगड्या, भातुकली आणि घरसंसाराच्या वस्तूंच्या गर्दीमागे नारो अप्पाजी खिरे यांनी पेशवाईत बांधविलेले राममंदिर आहे, याची आठवण वाचकाला करून द्यावी. मंडईची इमारत १८८६ मधील. तिच्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती भाजीचे गाळे पसरलेले आहेत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील मोठ्या खर्चास विरोध केला होता. ज्यांनी विरोध केला, त्यांचेच नाव आज मंडईला आहे. असा तपशील एका वाक्यात येतो, पण तो वाचकाच्या मनात इमारतीच्या उंचीपेक्षा अधिक काळ राहतो.

आडवाटेवरच्या स्थळांपैकी एकाचा उल्लेख आवर्जून करावासा वाटतो. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे देऊळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झाले. ते आकाराने लहान आहे. पण त्याच्या काळ्या पाषाणातील दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडांनी बांधणाऱ्या गोऱ्या शिपायांचे शिल्प आहे. आत मोरावर बसलेली तीन सोंडांची गणेशमूर्ती आणि संस्कृत व फारसी शिलालेख आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्याच्याकडे पुण्यात केवळ दोन तास आहेत त्याने शनिवारवाडा बाहेरून पाहावा आणि उरलेला वेळ येथे द्यावा. हे मत आहे, हे उघड आहे. परिचयलेखनात मत वर्ज्य नाही. ते मत म्हणून ओळखू आले पाहिजे, एवढेच.

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय, नारायण पेठेतील केसरीवाडा आणि गंज पेठेतील फुले वाडा ही स्थळे दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर. एकाच दिवसात सर्व काही दाखविण्याचा हव्यास प्रवाशाला काहीच पाहू देत नाही.

४.३.३ दंतकथांचे काय करावे?

शनिवारवाड्याच्या जागी सशाने कुत्र्याचा पाठलाग केला आणि ते पाहून बाजीरावाने ती जागा निवडली, अशी कथा सांगितली जाते. अशीच कथा भारतातील इतरही काही नगरांच्या स्थापनेविषयी सांगतात. त्यामुळे ती ऐतिहासिक घटना म्हणून लिहू नये. पण गाळूनही टाकू नये. ‘असे सांगतात’, ‘अशी आख्यायिका आहे’ हे मराठीतील शब्दप्रयोग नेमके याच कामासाठी आहेत.

नारायणराव पेशव्यांच्या वधाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात त्यांचा वध केला, हा इतिहास आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, हेही सुविदित आहे. ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. तीतून मराठीला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मिळाला. आणि पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही लोकसमजूत आहे. एका घटनेभोवती इतिहास, परंपरा आणि लोकसमजूत अशी तीन कडी आहेत. अनेक पुस्तिका तिसऱ्या कड्यालाच मथळ्यात स्थान देतात, कारण ते विकले जाते. भाषेच्या विद्यार्थ्याला मात्र मधले कडे सर्वांत मोलाचे वाटावे. एका अक्षराच्या फेरफाराची कथा भाषेत वाक्प्रचार होऊन बसते, ही गोष्ट कोणत्याही भुताखेतापेक्षा अद्भुत आहे.

४.३.४ नसलेल्या वास्तू

जुन्या शहराविषयी लिहिताना जे उरले नाही त्याचाही हिशेब द्यावा लागतो. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. हा वाडा दीर्घकाळ मोडकळीस आलेल्या अवस्थेत होता. प्रदीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये, तेथे स्मारक उभारण्यासाठी तो पाडण्यात आला. अशा ठिकाणी वाचकाला घेऊन जायचे की नाही? जावे, असेच उत्तर द्यावे लागेल. मात्र तेथे जुना वाडा दिसणार नाही, हे आधी सांगून.

वाडे नाहीसे होण्याची कारणे केवळ ‘पुणेकरांची अनास्था’ या दोन शब्दांत आटोपता येत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे कोसळली. दगडी जोत्यावर लाकडी सांगाडा आणि माती-विटांच्या भिंती, अशी ही बांधणी पाण्यापुढे टिकणारी नव्हती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. पण तुटपुंज्या भाड्यात वाडा शाकारण्याचा खर्च मालकाला परवडेना. पावसाळ्यात गळणारे छप्पर, एका चौकाभोवती आठ-दहा बिऱ्हाडे, भावाभावांतील वाटण्या आणि वाढत्या जमिनीच्या किमती, या सर्वांचा परिणाम म्हणजे वाड्याच्या जागी उभी राहिलेली पाच मजली इमारत. तिच्या फाटकावर कित्येकदा जुन्या वाड्याचेच नाव असते. त्या इमारतीतील रहिवाशाला घरात नळ आणि शौचालय मिळाले, हेही विसरू नये. वाड्याविषयी हळहळणाऱ्या लेखकाने एकदा तरी त्या वाड्यातील सामाईक नळावर पहाटे रांग लावलेल्या बाईच्या बाजूने विचार करावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) नगरपरिचय आणि प्रवासवर्णन यांतील मुख्य भेद कोणता?
(आ) लाल महालाविषयी लिहिताना कोणती दक्षता घ्यावी?
(इ) ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार कोणत्या कथेतून आला?

४.३.५ मुक्काम : शब्द आणि व्यवस्था

स्थळदर्शनाइतकेच मुक्कामाचे लेखन महत्त्वाचे. आणि बहुधा तेच अधिक हलगर्जीपणे केले जाते. प्रथम या व्यवहारातील शब्दसंपदा पाहू. ‘मुक्काम’ हा शब्द अरबीतून आला, ‘सराई’ फारसीतून, ‘धर्मशाळा’ संस्कृतातून आणि ‘लॉज’ इंग्रजीतून. चार भाषांतील हे चार शब्द मराठीत सुखाने शेजारी शेजारी नांदतात. पण त्यांचे अर्थ एक नाहीत. धर्मशाळेत पथिक पुण्याईचा भाग असतो, लॉजमध्ये तो गिऱ्हाईक असतो. ‘भक्तनिवास’ हा तुलनेने नवा शब्द या दोहोंच्या मधोमध उभा आहे : तेथे भाडे असते, परंतु भाव सेवेचा असतो. ‘बिऱ्हाड’ म्हणजे संसारासह केलेली वस्ती. एका रात्रीच्या पाहुण्याचे बिऱ्हाड नसते. आणि ‘आपण कोठे उतरलात?’ या प्रश्नातील ‘उतरणे’ हे क्रियापद घोड्यावरून किंवा गाडीतून उतरण्याचा जुना काळ आजही सोबत वागविते. रात्री गावात थांबणाऱ्या एस.टी.ला आपण ‘वस्तीची गाडी’ म्हणतो, तेही याच घराण्यातले.

पूर्वी पुण्यात परगावचा मनुष्य प्रथम नातलगाकडे उतरे. तसे कोणी नसेल तर देऊळ, धर्मशाळा किंवा ओळखीच्या वाड्याची ओसरी असे. शिक्षणासाठी आलेले गरीब विद्यार्थी वार लावून जेवत अथवा माधुकरी मागत. पुढे खाणावळी आल्या. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील खाणावळींनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना शिकविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस १९३५ मध्ये मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केले. कलावंतांना परवडणारे आणि आपलेसे वाटणारे उतरण्याचे ठिकाण म्हणून त्याचा लौकिक झाला. मुक्कामाचे ठिकाणही शहराच्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग होऊ शकते, हे यावरून ध्यानी यावे.

परंतु पेठभागातील सर्वांत मोठा मुक्काम कोणत्याही लॉजच्या नोंदवहीत सापडत नाही. आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंगा विठोबा मंदिरात विसावते. त्या काळात शाळा, मंगल कार्यालये, वाड्यांची आवारे, दुकानांच्या पायऱ्या सर्व काही वारकऱ्यांचे होते. घरोघर पिठले-भाकरी होते, पाय चेपले जातात, आणि तिसऱ्या दिवशी दिंड्या पुढे निघतात. या दिवसांत पेठेत खोली शोधणाऱ्या पर्यटकाची गैरसोय होईल, असे एक वाक्य पुस्तिकेत असते. तेवढे लिहून थांबणाऱ्या लेखकाने जुन्या शहराचे आतिथ्य पाहिलेच नाही, असे म्हणावे लागेल.

आता व्यावहारिक भाग. पेठभागातील लॉजेस् सामान्यतः जुन्या किंवा अरुंद इमारतींत असतात. तेथे राहण्याचा लाभ असा की, सकाळी सहा वाजता प्रवासी पायी कसब्यात असतो. मंडईत भाजीच्या गाड्या लागताना तो पाहू शकतो. त्याची किंमत म्हणजे खडा जिना, उद्वाहनाचा अभाव, गाडी उभी करण्याची अडचण आणि रस्त्याचा आवाज. रेल्वे स्थानकाजवळ किंवा स्वारगेटजवळ राहिल्यास प्रवासाची सोय होते. परंतु शहर दुरून पाहिल्यासारखे होते. गणेशोत्सवाचे १० दिवस हे वेगळे प्रकरण आहे. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाचही गणपती याच भागात आहेत. त्या काळात सायंकाळनंतर अनेक रस्ते वाहनांना बंद असतात आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. उत्सव पाहायचा असेल तर पेठेत राहावे. झोप हवी असेल तर राहू नये. परिचयकाराने हे इतक्याच स्पष्टपणे लिहावे.

या संदर्भात एक अनुभव नोंदवितो. काही वर्षांपूर्वी, पेठेतील एका निवासस्थानाच्या पत्रकावर ‘पेशवेकालीन वाड्यात राहण्याचा राजेशाही अनुभव’ असे वाचून प्रस्तुत लेखकाने आपल्या वडिलांसाठी खोली घेतली. दिंडी दरवाजा खरोखर जुना होता. आत मात्र सिमेंटची इमारत आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली. गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार असलेले वडील पहिल्या मजल्यावर थांबले, आणि दोन दिवस त्यांनी शहर जिन्याच्या खिडकीतून पाहिले. पत्रकातील एकही शब्द काटेकोर अर्थाने खोटा नव्हता. दरवाजा पेशवेकालीन होताच. पत्रकात लिहायचे राहून गेले होते, ते जिन्याविषयीचे वाक्य.

४.३.६ दोन परिच्छेदांची तुलना

पुढील दोन नमुने अभ्यासासाठी रचलेले आहेत.

नमुना (क) : ‘पुण्याच्या हृदयात वसलेली, ऐतिहासिक वारशाने नटलेली मंडई ही पर्यटकांसाठी एक पर्वणीच आहे. येथील भव्य-दिव्य वास्तू पाहून डोळ्यांचे पारणे फिटते. जवळच राहण्याच्या उत्तम सोयी उपलब्ध असून पर्यटकांनी एकदा तरी अवश्य भेट द्यावी.’

नमुना (ख) : ‘मंडईला सकाळी नवाच्या आत जावे, भाजी तेव्हा ताजी असते आणि उभे राहायला जागा असते. मधला अष्टकोनी मनोरा १८८६ सालचा आहे. त्याच्या खाली उभे राहून वर पाहिले की गाळ्यांचा गलका वर चढून छताशी घुमताना ऐकू येतो. लगतच्या रस्त्यांवरील लॉजेस् साधी आहेत. खोली ठरविण्यापूर्वी ती कितव्या मजल्यावर आहे, गाडी दारापर्यंत येते का आणि रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो, या तीन गोष्टी विचाराव्यात.’

नमुना (क) मध्ये ‘मंडई’ या शब्दाच्या जागी कोणत्याही गावातील कोणत्याही वास्तूचे नाव घातले तरी परिच्छेद तसाच चालेल. हीच त्याची कसोटी आणि हेच त्याचे अपयश. ‘पर्वणी’, ‘पारणे फिटणे’ हे मूळचे अर्थवाही शब्दप्रयोग आहेत. अतिवापराने ते गुळगुळीत झाले. ‘उत्तम सोयी उपलब्ध’ यात कर्ता नाही, प्रमाण नाही आणि जबाबदारीही नाही. नमुना (ख) मध्ये विशेषणे मोजकी आहेत. क्रियापदे वाचकाला काहीतरी करावयास सांगतात. ‘जावे’, ‘विचाराव्यात’ ही विध्यर्थी रूपे आज्ञेची कठोरता टाळतात आणि सल्ल्याचा आदर राखतात. नगरपरिचयाला हा प्रयोग मानवतो.

४.३.७ राहत्या वस्तीचा मान

किल्ला आणि लेणी यांत कोणी राहत नाही. पेठेत लोक राहतात. जुन्या वाड्याचे दार उघडे दिसले म्हणजे ते पर्यटकासाठी उघडे आहे, असे नव्हे. आत कोणाची तरी वाळत घातलेली धुणी असतात, कोणी आजारी असते, कोणाची परीक्षा असते. छायाचित्रांच्या नादात चौकापर्यंत शिरणाऱ्या मंडळींमुळे दारावर पाट्या लागतात; आणि मग त्या पाट्यांचीच थट्टा ‘पुणेरी पाट्या’ म्हणून केली जाते. परिचयकाराने कोणते स्थळ सार्वजनिक आणि कोणते खाजगी हे स्पष्ट लिहावे. खाजगी वाड्याचे वर्णन रस्त्यावरून दिसते तेवढेच करावे, किंवा रहिवाशांची अनुमती घेऊन करावे.

४.४ शब्दार्थ

जोते – इमारतीचा जमिनीपासून उंच केलेला दगडी चौथरा.
ओसरी – वाड्याच्या दर्शनी किंवा चौकालगतच्या भागातील छपराखालील मोकळी, बसण्या-उठण्याची जागा.
दिंडी दरवाजा – मोठ्या दाराच्या फळीत ठेवलेले माणूस जाण्यापुरते लहान दार.
मठारकाम – धातूच्या भांड्यावर हातोडीने ठोके देऊन पृष्ठभाग घट्ट व चकचकीत करण्याचे काम.
वार लावून जेवणे – आठवड्याच्या प्रत्येक वारी ठरलेल्या एकेका घरी विद्यार्थ्याने जेवणे.
शाकारणे – पावसाळ्यापूर्वी छपराची कौले वा गवत नीट बसविणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) प्रवासवर्णनात लेखकाची दृष्टी केंद्रस्थानी असते. नगरपरिचयात प्रत्यक्ष त्या गावी जाणाऱ्या वाचकाची गरज केंद्रस्थानी असते.
(आ) मूळ वास्तू शिल्लक नसून आजची इमारत महानगरपालिकेने उभारलेली व १९८८ मध्ये पूर्ण झालेली आहे, हे स्पष्ट सांगावे.
(इ) नारायणराव पेशव्यांसंबंधीच्या आदेशात ‘धरावे’चे ‘मारावे’ करण्यात आले, या परंपरागत कथेतून.

४.६ स्वाध्याय

१. ‘स्थलनाम हे नगरपरिचयाचे बोलके साधन असते.’ आपल्या परिसरातील तीन स्थलनामांच्या आधारे चर्चा करा.
२. वाडे नाहीसे होण्याच्या प्रक्रियेकडे मालक, भाडेकरू आणि पर्यटक यांच्या दृष्टीने पाहून प्रत्येकी एक परिच्छेद लिहा.
३. कोणत्याही पर्यटन पत्रकातील एक उतारा घेऊन त्यातील गुळगुळीत शब्दप्रयोग अधोरेखित करा आणि तोच उतारा नमुना (ख) च्या पद्धतीने पुन्हा लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाच्या किंवा शहराच्या जुन्या भागात एक किलोमीटरची पायी फेरी आखा. ती सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा चालून पाहा. फेरीतील पाच स्थळे आणि मुक्कामाची दोन ठिकाणे यांची माहिती प्रत्यक्ष विचारून नोंदवा : जिने मोजा, अंतरे पावलांनी मोजा, पिण्याचे पाणी कोठे मिळते ते पाहा. त्यावर ८०० शब्दांचा परिचय लिहा. तो त्या गावी कधीही न आलेल्या, शक्यतो साठीच्या पुढील एखाद्या व्यक्तीच्या हाती द्या आणि त्यांना त्या वाटेने एकटे जाऊ द्या. आपण मागे थोड्या अंतरावर चाला. ती व्यक्ती जेथे थबकेल, ती जागा आपल्या परिचयात शोधून काढा आणि ते वाक्य पुन्हा लिहा.